विल्नियस : अर्ध्या दिवसाच्या शहराला चार दिवस दिले तर

बाल्टिक देशांच्या सहलीत एस्टोनियाच्या टॅलिनला आणि लातव्हियाच्या रीगाला रात्री मिळतात. विल्नियसच्या वाट्याला बहुतेक वेळा एक सकाळ येते : कॅथेड्रल, एक लाल विटांचं चर्च, दोन फोटो आणि बस पुढे. लिथुआनियाच्या या राजधानीवर हा अन्याय आहे. जुनं शहर साडेतीन चौरस किलोमीटरहून थोडं मोठं, १९९४ पासून युनेस्कोच्या यादीत. शिवाय मराठी माणसाला इथे एक गंमत फुकट मिळते. लिथुआनियन ही आज बोलल्या जाणाऱ्या युरोपीय भाषांमधली एक फार जुन्या वळणाची भाषा. पाट्या वाचताना संस्कृत शब्द ओळखीच्या पाहुण्यासारखे अचानक समोर उभे राहतात.

हा आराखडा जूनमधल्या गुरुवार ते रविवारचा आहे. वार मुद्दाम सांगितले, कारण सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, काही मंगळवारीही. सोमवार-मंगळवारात अडकलात तर निम्मं शहर बाहेरूनच बघावं लागतं.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. मोठ्या माणसाची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. चूक होते ती इथे : तीन बाल्टिक देश एकत्र करताना ज्या देशात सर्वाधिक रात्री, अर्ज त्याच देशाकडे करायचा. रीगाला तीन आणि विल्नियसला दोन रात्री असतील तर लिथुआनियाकडे जाऊन उपयोग नाही. भारतातून थेट विमान नाही. वॉर्सा, इस्तंबूल, हेलसिंकी किंवा फ्रँकफर्टला बदलावं लागतं.

पहिला दिवस, गुरुवार : दरवाजातून आत

विमानतळाची जुनी इमारत १९५४ सालची. वर सोव्हिएत काळातले सैनिक-वैमानिकांचे पुतळे, एकूण थाट रेल्वे स्टेशनचा. खरी रेल्वेही शेजारीच आहे. शहराच्या मुख्य स्टेशनात ती सात-आठ मिनिटांत सोडते. पण गाड्यांमध्ये मोठी अंतरं असतात. पुढची गाडी अर्ध्या तासात नसेल तर थांबू नका, बस घ्या. शहरात मेट्रो नाही, ट्राम नाही. बस आणि ट्रॉलीबस आहेत, आणि जुन्या शहरात त्यांचीही गरज पडत नाही.

मुक्काम जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला घेतला तर सोयीचं. रेल्वे स्टेशन आणि बस स्थानक समोरासमोर आहेत आणि तिथून औश्रोस वार्ताय, म्हणजे पहाटेचा दरवाजा, दहा मिनिटांवर. चाकांची बॅग ओढताना मात्र या दहा मिनिटांची वीस होतात, कारण पुढे सगळे दगडी गोटे. बॅगेचं चाक मोडण्यासाठी याहून चांगला रस्ता सापडणार नाही.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तटबंदीचा हा एकच दरवाजा उरला आहे. बाहेरून येताना काही विशेष वाटत नाही. कमानीखालून आत गेल्यावर मागे वळून वर बघायचं. खिडकीत सोनेरी-चांदीच्या पोशाखातली सावळी मेरी दिसते. रस्त्यातच लोक थबकतात, क्रूसाची खूण करतात, पुरुष टोपी काढतात. जिना शेजारच्या इमारतीतून आहे. वर छोट्याशा खोलीच्या भिंती चांदीच्या हजारो पत्र्यांनी मढवल्या आहेत : हृदयं, हात, पाय, डोळे. नवस फेडायला देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मास, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, चालू असेल तर फोटो काढायचा नाही आणि मधून चालायचं नाही.

इथून कॅथेड्रलपर्यंतचा रस्ता सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि बहुतेक उताराचा. म्हणून सुरुवात वरूनच करावी. रस्त्याचं नाव वाटेत बदलत जातं, शेवटचा तुकडा पिलियस, म्हणजे किल्ल्याचा रस्ता. त्याला फुटणाऱ्या लितेरातू गल्लीत भिंतीवर लेखकांच्या नावाच्या लहान-लहान कलाकृती बसवल्या आहेत : धातू, काच, माती, लाकूड, अगदी दातांची कवळीसुद्धा. कॅमेरा आवरून नीट बघितलं तर अर्धा तास जातो.

जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. अंधाराची वाट बघत जेवण लांबवलं तर स्वयंपाकघर बंद होतं. नऊच्या आत बसलेलं बरं.

पहिल्या रात्री शाल्तीबार्शच्याय हे थंड सूप घ्यावं. केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध), किसलेलं बीट, काकडी, शेपू, उकडलेलं अंडं. रंग इतका गुलाबी की खोटा वाटावा. थंडगार वाडग्याबरोबर वेगळ्या ताटलीत गरम बटाटे येतात. ते सूपात टाकायचे नाहीत. एक घास गरम, एक चमचा थंड. अंडं नको असेल तर आधी सांगा, वरून काढता येत नाही, बारीक चिरलेलं असतं. बरोबर काळी राय भाकरी असतेच, लिथुआनियनमध्ये दुओना. तिच्यावरची म्हण अशी : ‘दियेवास दावे दांतीस, दियेवास दुओस इर दुओनोस.’ देवानं दात दिले, देव भाकरीही देईल. आपल्याकडे चोच देणारा चारा देतो, इथे दात देणारा भाकरी. दियेवास, दांतीस ऐकल्यावर पहिल्या अर्ध्या वाक्याला भाषांतर लागतंच कुठे?

दुसरा दिवस, शुक्रवार : टेकड्या आणि लांडगा

सकाळी नऊला कॅथेड्रलचा चौक जवळजवळ रिकामा असतो. पांढरं, खांबांचं, ग्रीक देवळासारखं कॅथेड्रल आणि त्यापासून सुटा उभा ५७ मीटरचा घंटा-मनोरा. दोघांच्या मध्ये फरशीत ‘स्तेबुक्लास’ अशी अक्षरं असलेला एक दगड आहे. अर्थ चमत्कार. २३ ऑगस्ट १९८९ ला विल्नियसपासून टॅलिनपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली, सुमारे २० लाख माणसं हात धरून. तिचं हे टोक. दगडावर उभं राहून तीनदा गोल फिरलं की इच्छा पुरी होते म्हणतात, त्यामुळे दहानंतर इथे रांग लागते.

शेजारी गेदिमिनास राजाचा पुतळा, पायथ्याशी लांडगा. शिकारीनंतर झोपलेल्या गेदिमिनासच्या स्वप्नात शंभर लांडग्यांच्या आवाजात ओरडणारा लोखंडी लांडगा आला. पुजारी लिज्देइकानं अर्थ सांगितला : इथे नगर वसव, त्याचा डंका जगभर वाजेल. ही दंतकथा. कागदावरचा पहिला उल्लेख १३२३ चा, गेदिमिनासच्याच पत्रातला. लांडग्याला इथे ‘विल्कास’ म्हणतात, संस्कृतात ‘वृक’. दोन्ही एकाच मुळाचे. लिथुआनियानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १३८७ मध्ये, युरोपात जवळपास सगळ्यात शेवटी. तोवर मेघगर्जनेचा देव पेर्कूनास पुजला जाई. त्याचं नातं आपल्या पर्जन्याशी जोडणारे अभ्यासक आहेत, आणि त्यावर वाद घालणारेही.

गेदिमिनासच्या टेकडीवर पायवाटेनं दहा मिनिटं लागतात. पाऊस झाला असेल तर इथले गोटे साबणासारखे होतात. उतरताना माणसं पडतात ती इथेच. गुळगुळीत तळाचे बूट असतील तर मागच्या बाजूनं फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढला जाणारा रुळांवरचा डबा, घ्या. वरच्या लाल मनोऱ्यात छोटं संग्रहालय आहे. पण खरं दृश्य इथून नाही, समोरच्या तीन क्रूसांच्या टेकडीवरून दिसतं, कारण तिथून हा मनोराही चित्रात येतो. विल्नेले नदीवरचा पूल ओलांडून झाडीतून वीस मिनिटांची चढण. अंतानास विवुल्स्कीनं १९१६ मध्ये उभारलेले काँक्रीटचे क्रूस सोव्हिएत राजवटीनं १९५० मध्ये पाडले, १९८९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. जुन्यांचे तुकडे खालच्या उतारावर अजून पडून आहेत. बहुतेक लोक वरून फोटो काढून परततात, ते तुकडे बघतच नाहीत.

उतरल्यावर सेंट अ‍ॅन चर्च. ३३ प्रकारच्या विटा वापरून गॉथिक कारागिरांनी मातीची जणू वेलबुट्टी काढली आहे. तळहातावर ठेवून पॅरिसला न्यावंसं नेपोलियनला वाटलं होतं, असं प्रत्येक गाइड सांगतो. पुरावा कुणी देत नाही. दर्शनी बाजू पश्चिमेला असल्यानं सकाळी ती सावलीत काळवंडलेली असते. दुपारी चारनंतर विटा पेटतात. दुपारची उन्हं येईपर्यंतचा वेळ विद्यापीठाला द्यावा. १५७९ चं हे विद्यापीठ तेरा अंगणांचं आहे, तिकीट काढून आत फिरता येतं. पेत्रास रेप्शीस यांचं ऋतूंवरचं भित्तिचित्र चुकवू नका. बाल्टिक लोकांचे जुने देव, कामं आणि सण एका दालनाच्या भिंती-छतावर दाटले आहेत. मान दुखते, पण सोडवत नाही.

संध्याकाळी पाय शिल्लक असतील तर अंताकाल्निस भागातलं सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्च. बाहेरून साधं. आत गेलं की चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यातल्या सुमारे दोन हजार आकृत्या, आणि मधोमध होडीच्या आकाराचं काचेचं झुंबर. बांधवून घेणाऱ्या सरदार पात्सास यानं स्वतःला उंबऱ्याखाली पुरायला सांगितलं होतं, वर मजकूर एवढाच : इथे पापी पडला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवत जावं म्हणून. पायरीशी जनाबाईचं किंवा चोखोबाचं नाव आठवणाऱ्याला इथे क्षणभर थांबावंसं वाटेल.

तिसरा दिवस, शनिवार : मंडई आणि त्राकाय

स्टेशनजवळची हालेस मंडई १९०६ ची, लोखंडी सांगाड्याची. सकाळी आठ-नऊला जावं, दुपारनंतर गाळे आवरायला लागतात. जूनमध्ये स्ट्रॉबेरी, शेपूच्या जुड्या, कोवळी काकडी, मध, आणि वार्श्के. वार्श्के म्हणजे आपल्या पनीर आणि चक्क्याच्या मधलं काहीतरी. विकणाऱ्या आजीबाई हसत नाहीत, आणि त्याचा राग मानू नये. अनोळख्याला बघून उगाच हसण्याची इथे पद्धत नाही. ‘लाबा दिएना’ म्हटलं, शेवटी ‘आचू’ म्हटलं (आभार, शिंकेसारखंच उच्चारायचं) की वजनात दोन फळं जास्त पडतात. आकडे तर ऐकत राहावेत : दू, त्रीस, केतुरी, पेन्की, शेशी, सेप्तिनी, अश्तुओनी, देविनी, देशिम्त. भाव कळायला बोटं दाखवावी लागत नाहीत.

त्राकाय हे किल्ल्याचं गाव २८ किलोमीटरवर. बसेस पुष्कळ आहेत, अर्धा-पाऊण तास लागतो. रेल्वे स्वस्त आणि आरामाची, पण फेऱ्या मोजक्या. दोन्हींचं परतीचं वेळापत्रक निघण्यापूर्वीच बघून ठेवा. बस उतरवते तिथून किल्ला दोन किलोमीटरहून जास्त आहे, हे कुणी सांगत नाही. वयस्क बरोबर असतील तर ये-जा मिळून पाच किलोमीटर धरून चाला.

ही चाल वाया जात नाही, कारण रस्ता कराइम लोकांच्या वस्तीतून जातो. व्हितौतास राजानं चौदाव्या शतकाच्या अखेरीला क्रिमियातून आणलेली ही तुर्की कुळातली भाषा बोलणारी जमात. धर्म ज्यू परंपरेतला, पण फक्त मूळ ग्रंथ मानणारा. लाकडी घरांच्या रस्त्याकडच्या अंगाला तीन खिडक्या : एक देवाची, एक पाहुण्याची, एक व्हितौतासची, असं सांगतात. त्यांची खासियत किबिनाय, म्हणजे जाड करंजीच, भट्टीत भाजलेली, मुरड घातलेली. आत मूळचं मटण. आता पालक-चीज आणि मशरूमचीही मिळतात. शाकाहारींनी बोटानं दाखवून घेऊ नये, कारण बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. ‘बे मेसोस’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ असू द्या. पहिला चावा वरच्या टोकाला घ्यायचा आणि उभी धरायची, नाहीतर आतला गरम रस्सा मनगटावरून बाहीत जातो.

गाल्वे तलावातल्या बेटावरचा लाल किल्ला दिसायला इतका नेटका आहे की शंका यावी. ती खरी आहे. उद्ध्वस्त अवशेषांवर बराचसा भाग विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला. विटांमध्ये खालचे ओबडधोबड दगड दिसतात तेवढं जुनं. व्हितौतास १४३० मध्ये इथेच वारला. आतल्या संग्रहालयाला दीड तास पुरतो. पण तिकिटाला एकच पैसा खर्च करायचा असेल तर तो वल्ह्याच्या होडीवर करा. किल्ला पाण्यातून बघण्यासाठीच बांधल्यासारखा आहे.

दुपारी तीनला ढग आले आणि वीस मिनिटं झोडपून गेले. जूनचा पाऊस इथे असाच. तापमान दिवसा २०-२२, पावसानंतर एकदम १३. छत्री वाऱ्यानं उलटते. टोपीचं पातळ जॅकेट बरं.

परत आल्यावर त्सेपेलिनाय. कच्चा बटाटा किसून पिळायचा, पाण्याखाली बसलेलं सत्त्व परत मिसळायचं, थोडा उकडलेला बटाटा घालून मळायचं, आत सारण भरून उकळत्या पाण्यात सोडायचं. आकार झेपेलिन या लांबट वायुनौकेसारखा, नाव त्यावरूनच. घरी करणाऱ्यांचा बिघडतो तो पिळण्यात : पाणी राहिलं की गोळा पाण्यात फुटतो. सारण बहुधा डुकराच्या खिम्याचं किंवा वार्श्केचं. वार्श्केचं मागवलं तरी वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे येतात, म्हणून ‘बे स्पिर्गुच्यू’ हेही सांगायलाच हवं. ताटात दोन असतात, एक पुरतो. पिठूळ, जड, करड्या रंगाचा हा प्रकार सगळ्यांना आवडेल असं नाही. शाकाहारींसाठी त्यापेक्षा लसूण चोळून तळलेली राय भाकरी (केप्ता दुओना) भरवशाची.

बाटलीबंद पाणी घेताना ‘नेगाझुओतास’ शब्द शोधा. व्हितौतास नावाचं पाणी फसफसतं आणि चक्क खारट असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहेच. बाटल्या-कॅनवर १० सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून चिठ्ठी घ्यायची, ती गल्ल्यावर वळती होते. दुकानांत दारू सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी फक्त दुपारी तीनपर्यंत. वयाची अट २० ची.

चौथा दिवस, रविवार : तळघर आणि नदीपलीकडचं प्रजासत्ताक

गेदिमिनो रस्त्यावरची करडी इमारत आधी न्यायालय, मग गेस्टापो, मग केजीबी. आता तिथे स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय आहे. बाहेरच्या भिंतीच्या दगडांवर मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत. आत शिरण्यापूर्वी ती वाचत चालावं. वरच्या मजल्यांवर सैबेरियाला पाठवलेल्यांची पत्रं, जंगलात लढलेल्यांच्या वस्तू. तळघरात कोठड्या, आणि शेवटी गोळ्या घालण्याची खोली. लहान मुलांना तळघरात नेऊ नये. दोन तास लागतात, आणि नंतर लगेच जेवायला बसवत नाही.

ही गोष्ट पुरी होते ती टीव्ही टॉवरवर. ११ मार्च १९९० ला लिथुआनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. १३ जानेवारी १९९१ च्या रात्री सोव्हिएत रणगाडे या टॉवरवर चालून आले, निःशस्त्र लोक आडवे उभे राहिले, १४ जण गेले. आजूबाजूच्या काही रस्त्यांना त्यांची नावं आहेत. टॉवर ३२६ मीटरचा, बघण्याचा मजला १६५ मीटरवर, तिथलं उपाहारगृह सावकाश गोल फिरतं. ढग असतील तर वर जाण्यात अर्थ नाही, तळाचं छोटं प्रदर्शन मात्र बघावं.

शेवटची संध्याकाळ उझुपिसला. ‘उझ’ म्हणजे पलीकडे, ‘उपे’ म्हणजे नदी. एकेकाळी पडीक घरांची ही वस्ती, कलाकार येऊन राहिले आणि १ एप्रिल १९९७ ला त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. तारखेवरून काय ते समजावं. पौपियो रस्त्यावर राज्यघटनेची ४१ कलमं आरशासारख्या पत्र्यांवर ओळीनं लावली आहेत, कितीतरी भाषांत; देवनागरीतही सापडते. कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क. मांजरानं मालकावर प्रेम करण्याची सक्ती नाही, अडचणीला मात्र धावलं पाहिजे. सगळ्यांना गरम पाण्याचा, हिवाळ्यात उबेचा आणि कौलारू छपराचा हक्क. हे शेवटचं विनोदी वाटत नाही, उणे वीसचा हिवाळा आठवला की.

इथे पासपोर्टवर उझुपिसचा शिक्का मारून मिळतो. खऱ्या पासपोर्टवर तो घेऊ नका. परदेशातली अनधिकृत मोहर पुढच्या विमानतळावर नसती चौकशी मागे लावू शकते. वहीवर घ्या.

साडेनऊला सुबाच्याउस रस्त्याच्या सज्ज्यावर बसायला जागा मिळाली तर नशीब. वारा पडलेला असेल तर गरम हवेचे फुगे जुन्या शहरावरून तरंगत जातात. युरोपच्या राजधान्यांत ही परवानगी दुर्मीळ. त्यात बसायचं असेल तर पहिल्याच दिवसाचं आरक्षण करा. हवेमुळे उड्डाण रद्द होतं आणि मग उरलेले दिवस हाताशी असतात. चौथ्या दिवसाचं आरक्षण करणारे बहुधा खालूनच बघतात.

घरी नेण्यासाठी शाकोतिस. फिरत्या दांड्यावर अंड्याचं पीठ ओतत भाजलेला, काटेरी झाडासारखा केक. भरपूर अंडी आणि लोणी असतं, टिकतो बरेच दिवस. मोठा घेऊ नका, सगळ्यात लहान घ्या आणि हातातल्या बॅगेत सर्वांत वर ठेवा. मोठ्या बॅगेत टाकला तर घरी पोचतो तो चुरा.